दिवेलागणीनंतरची बारव

मी, रामप्रसाद उमाजी गडदे, वय छप्पन्न, शिक्षण बी.कॉम., पूर्वी जिनिंग कारखान्यात लेखापाल व सध्या मुलीच्या संगणक-खेळाच्या उद्योगात निम्म्याचा भागीदार, राहणार वालूर, ता. सेलू, जि. परभणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही, हेही नमूद करणे मला आवश्यक वाटते.

उद्या, सोमवारी, मला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरला नेणार आहेत. याच आठवड्यात एका परदेशी ऑनलाइन दुकानाला आमच्या खेळाबाबत होकार वा नकार कळवायचा आहे, आणि माझ्या सहीशिवाय तो कळवता येत नाही. सही करण्यास मी उरलो नाही तर काय, ही माझी मुख्य चिंता. तरीही क्रम सोडत नाही.

कलम १. वालूर येथील राहते घर, मागील अंगण व शेळ्यांच्या गोठ्यासह, पत्नी सौ. दैवशाला हिला द्यावे. माझी आई श्रीमती नर्मदाबाई हयात असेपर्यंत ओसरीवर तिचा ताबा राहील. तिची बाज कोणी, झाडण्याच्या निमित्तानेसुद्धा, हलवू नये. मी हलवली होती. त्यानंतर ती माझ्याशी कितीतरी दिवस शेळ्यांमार्फत बोलत असे.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नीला. नामनिर्देशन आधीच केलेले आहे. पासबुके कपाटाच्या वरच्या खणात आहेत. ती बाहेर काढून परत तेथेच ठेवावीत.

कलम ३. संगणक, हार्डडिस्क व ध्वनिमुद्रणाचा माइक कन्या कु. बबिता हिला. वरील परदेशी, मोठ्या ऑनलाइन दुकानातील माझ्या खात्यावर जे खेळ विकत घेतलेले दिसतात, ते मला कोणालाही देता येत नाहीत. अटी मी शेवटपर्यंत वाचल्या आहेत. त्या दुकानात आपण वस्तू घेत नाही, ती वापरण्याची परवानगी घेतो, आणि ती परवानगी माणसाबरोबर संपते. लहान ऑनलाइन दुकानांतून घेतलेल्या प्रती मात्र हार्डडिस्कवर उतरवलेल्या असून त्या बबिताच्या होतात.

हा फरक मला इतका मोठा वाटला की आमच्या खेळाडूंना मी लेखी विचारले, तुम्ही खरेदी कुठे करता व का. बहुतेकांचे उत्तर एकच आले: मोठ्या दुकानात, कारण आमचे सगळे खेळ तिथे आहेत आणि सोबतीही तिथेच. जे तिथे नाही ते आमच्यासाठी नाहीच. आपली प्रत आपल्या हाती हवी म्हणणारे थोडे निघाले. पण त्यांनी पत्रे लांब लिहिली.

कलम ४. सेवानिवृत्त शिक्षक श्री. दत्तराव हे माझे स्नेही आहेत व या दस्तऐवजाचे साक्षीदारही. त्यांनी आमचा खेळ सकाळी विकत घेतला, तो उघडत नाही म्हणून दुपारपूर्वी परत केला, आणि दुकानाच्या पानावर "माल सदोष" असा शेरा लिहिला. मी त्यांना क्षमा केलेली आहे. शेरा अद्याप तेथेच आहे.

कलम ५. आता खेळाविषयी. नाव 'आसरांची बारव'. अंधाऱ्या जागेत थर उतरत, वाटेत आडवे येणाऱ्यांशी झुंजत खाली जायचे, अशा खेळांना खेळणारे डंजन क्रॉलर म्हणतात. यात एक मेंढका हरवलेल्या मेंढीमागे बारवेत उतरतो, आणि दर थरावर एक अशा पाण्यातल्या सात देवता, साती आसरा, त्याची वाट अडवतात. पायऱ्या आमच्या वालूरच्या बारवेसारख्या गोल फिरत जातात. बांधणी बबिताची, कागदपत्रे माझी, गोष्ट व आवाज आईचा.

आवाज देताना आईने एक अट घातली. दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असे आमच्याकडे मानतात. ती म्हणाली, "ऊन असताना माजा आवाज कोणाच्या कानावर पडू द्यायचा न्हाई. शबूद दे." मी दिला. म्हणून बबिताने खेळाला कुलूप घातले. खेळणाऱ्याच्या गावी सूर्य मावळेपर्यंत खेळ उघडत नाही. कोणी दिवसा गेलाच, तर आईचा एवढाच आवाज येतो, "ऊन हाय अजून. दिवा लागल्यावर ये." आणि खेळ बंद होतो. यावर आईची हरकत नाही. ती म्हणते, ही गोष्ट नव्हे, हाकलणं आहे.

ते मोठे परदेशी दुकान खेळाला दर्शनी जागा देण्यास तयार आहे. अट एकच, कुलूप काढावे. त्यांच्या मते गिऱ्हाईक घेतल्याबरोबर उघडतो, न उघडल्यास परत करतो. हे खरे आहे (कलम ४ पाहावे). बबिताचे म्हणणे, "बाबा, खेळ कोणी खेळलाच न्हाई तर आजीचा आवाज ऐकणार कोण?" हेही खरे आहे. आणि शब्द दिला आहे, हे तिसरे खरे. माझ्यामागे एकटी बबिता मालक झाली तर शब्द मोडेल. तिला अटीने बांधले तर तिचे काम बुडेल. या विचाराने मला झोप नाही.

कलम ६. (रद्द) माझा निम्मा हिस्सा आईला द्यावा, कारण ज्याला शब्द दिला तोच त्यातून मोकळे करू शकतो.

हे कलम मी आज दुपारी ओसरीवर सर्वांसमोर वाचून दाखवले. आई बाजेवरून उठून बसली. "लेकाच्या मागं मायला वाटा? कुठल्या कॉलेजात शिकविलं हे तुला? खोड ते."

"आई, ही केवळ तरतूद आहे."

"खोड म्हन्ते ना! आन् भ्यालास का रं एवढा?"

मी होय म्हणालो. तेव्हा तिने मला बाजेवर जागा दिली आणि अंगणात लख्ख ऊन असताना गोष्ट सांगायला लागली. आसरांची नव्हे. माझ्या आजोबांनी पूर आलेल्या गंगेतून, म्हणजे गोदावरीतून, गंगाखेडला मेंढरे कशी उतरवली, ती. ही मी कधीच ऐकली नव्हती. बबिताही येऊन बसली. उद्या गाडी चालवणार ते माझे मेव्हणे किशनराव, म्हणजे बबिताचे मामा. ते आईला आत्या म्हणतात. ते दारातूनच ओरडले, "आत्या, दिवसा गोष्ट? उद्या मला नांदेडला न्यायलीस का काय?"

"चुकलास तर इचार लोकायला. तोंड हाय नव्हं? लय बोलतंय तसं."

कापूस पिंजल्यासारखे हलके वाटले. तरी खात्री करून घेणे माझा स्वभाव. मी विचारले, "म्हणजे दिवसाची अट आता उठली, असे समजायचे का?"

"तुज्यापुरती. बाकीच्यायला दिवा लागल्यावर."

बबिता आजीला टेकून बसली. मग म्हणाली, "बाबा, राहू द्या कुलूप. ज्याला आजीचा आवाज ऐकायचाय तो दिवा लागायची वाट पाहील. त्यायला नकार मी लिहिते, सही तेवढी करा." मी सही केली. नकार आज गेला.

कलम ७. म्हणून माझा निम्मा हिस्सा कु. बबिता हिला, कोणत्याही अटीविना.

कलम ८. मेंढरे पाण्यात उतरली, आजोबा मागे वळले, आणि तेथे आई थांबली. "राहिलेली परत आल्यावर." मी आग्रह केला, ती शेळ्या सोडायला निघून गेली. ती उरलेली गोष्ट मी कोणाच्याही नावे करू शकत नाही. ती अद्याप माझ्याकडे आलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. या मृत्युपत्राने साक्षीदारांपैकी कोणालाही काही मिळत नाही.

(सही) रामप्रसाद उमाजी गडदे

साक्षीदार:
१. (सही) दत्तराव, सेवानिवृत्त शिक्षक, वालूर. शेरा आज काढून टाकला.
२. (सही) किशनराव, वालूर. रस्ता माहीत आहे.

स्थळ: वालूर, ता. सेलू, जि. परभणी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार