आवरणाऱ्या पेशी

रविवार, संध्याकाळ

भांडी तशीच पडली आहेत आणि मी लिहीत बसले आहे. डॉक्टर काल म्हणाले ते डोक्यातून जात नाही. आतड्यात रोज बाहेरचं अन्न येतं, जंतूही असतात. लढणाऱ्या पेशींनी सगळ्यांवरच तुटून पडू नये म्हणून नियामक पेशी त्यांना आवरतात. माझ्या लेकीच्या, सायलीच्या त्या कमी पडतात, म्हणून तिचंच शरीर तिचं आतडं सोलून काढतंय. सूज उतरेपर्यंत तिखट बंद, एवढंच पाळायचं होतं.

दुपारी कागलहून वन्सं आल्या. पंगतीत सायलीच्या ताटात दहीभात बघून म्हणाल्या, "कोल्हापूरची पोरगी आन् तांबडा रस्सा सोसंना? सासरी काय बाळंतिणीचं ताट मागणार हाईस?" आणि तिची वाटी भरली. सगळे हसले. हेसुद्धा हसले, सगळं माहीत असून. कुणीतरी आवरायला हवं होतं. मी भाकरी वाढत राहिले. थोरल्या नणंदेपुढे गप्प बसायचीच सवय, पण ही कसली सवय?

सायलीने रस्सा पिऊन टाकला. थोड्याच वेळात पोट धरून उठली. मी मागे गेले तर संडासाच्या दाराआडून म्हणाली, "रक्त पडतंय. तू सांगणार आहेस का त्यांना?" मी दाराशी पाण्याची बादली ठेवली.

तोंड धुऊन ती पंगतीत परत बसली.

"बघ, झालं का काय?" वन्सं म्हणाल्या.

"न्हाय की. वाढ अजून, आत्या."

वाटी भरेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.