अक्काच्या आंब्याची फांदी

९ ऑक्टोबर
दुपारी लॅबमध्ये प्राची. हुपरीहून थेट, कॉलेज बुडवून. अगदी अक्काची लेक, दारातच चपला भिरकावून आत. पिशवीतून आंब्याची फांदी काढली. "मावशी, आईचं झाड वाळाय लागलंय. बघ की."
फांदी खडखडीत वाळलेली. मी नेहमीसारखी करवादले. मेलेलं आणू नका, मेलेल्यावर कुठलीही बुरशी येऊन बसते, त्यातून रोग कळत नाही. हिरवं संपून काळं सुरू होतं ती कड आणा. रोज दहा शेतकऱ्यांना हेच सांगते, त्याच सुरात पोरीलाही सांगितलं. तिचे डोळे भरले. आई जाऊन दीड वर्ष झालंय तिची, आणि मी आपली मेलेलं-मेलेलं करत बसले. जिभेला हाड नाही माझ्या.
वडा खायला घातला, एसटीत बसवून दिलं.

११ ऑक्टो.
गावी. आबांना झाडाचं सांगितलं. वाटलं, हबकतील. ते नुसते हुं म्हणाले.
"झाडाला कळतंय गं. लावणारी गेली, त्यानं कुणासाठी जगायचं?"
आमच्या गल्लीतली पोरगी सासरी निघाली की आबा तिला परसातल्या थोरल्या आंब्याचं कलम देतात. पहिलं आपल्याच लेकीला, अक्काला दिलं. मग आणखी पाच जणींना. मी कुठं गेलेच नाही, म्हणून मला थोरल्याचे आंबे. दरवर्षी श्रावण सरला की कोपरीच्या खिशात कलमाचा चाकू टाकून आबा एसटीनं सहाही घरं फिरतात. वाळकं-वेडंवाकडं छाटायचं, चहा घ्यायचा, पुढच्या घरी. औंदाही गेलते. अक्काच्या घरी सगळ्यात आधी.
अक्का गेल्यापासून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. आज आबा तासभर तिच्याविषयी बोलले. झाड तिच्यासाठी वाळतंय म्हणाले. मी लॅबमधली बाई, मला हसू यायला हवं होतं. मला फार बरं वाटलं.

१४ ऑक्टो.
प्राचीनं दुसरी फांदी आणली. ओल्या कागदात गुंडाळून, बरोब्बर कडेची. हुशार आहे. कडेचे तुकडे पाडले, औषधात मिनिटभर बुडवून तीनदा धुतले, बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या माध्यमावर ठेवले. प्लेटवर लिहायचं 'हुपरी, आंबा'. हातून 'अक्का' लिहिलं गेलं. खोडलं नाही.

१७ ऑक्टो.
पांढरी लोकर. कडेकडेनं करडी व्हायला लागलीय. फार घाईत वाढतेय.

२१ ऑक्टो.
प्लेट काळीकुट्ट. मायक्रोस्कोपखाली बीजाणू पाहिले. कोवळे बिनरंगी, जून झालेले तपकिरी, मधे पडदा, अंगावर उभ्या रेघा. लॅसिओडिप्लोडिया. लॅबच्या प्रमुख मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "फांदीमर. जखमेतून शिरते ही. छाटणी कुणी केली होती?"
माहीत नाही म्हटलं.
एकोणीस वर्षं या लॅबमध्ये आहे. मॅडमशी आज पहिल्यांदा खोटं बोलले.

२३ ऑक्टो.
सुनंदाचा फोन. आमच्या गल्लीतलीच, गगनबावड्याला दिलेली. "माझं पण शेंड्याकडनं वाळतंय बघ. आबा येऊन गेले आन् म्हैन्याभरात." मग आवाज बारीक करून, "त्यांना सांगू नकोस हां. म्हाताऱ्याला वाईट वाटंल."
औंदा आबा हुपरीनंतर कुठं गेले होते, ते मला पाठ आहे. गगनबावड्याला. तिथून पुढे चार घरं.
ते चाकू धोतराला पुसतात. बस्स. लहानपणापासून बघतेय. शेतकऱ्यांना मी स्पिरिटचा बोळा हातात देऊन शिकवते, आणि घरी एकदाही तोंड उघडलं नाही. आपल्या माणसाचा हात कसा घाण असेल?

२५ ऑक्टो.
गावी. "चाकू द्या, धार लावून आणते" म्हटलं.
"माझ्या चाकूला धार? तू?" तरी दिला. देताना धोतराला पुसून दिला, स्वच्छ.
मिटतो त्या खाचेत चीक वाळून काळा झालाय. किती वर्षांचा कोण जाणे.

३० ऑक्टो.
खाचेतला चीक कोरून, पाण्यात घोळून प्लेटवर टाकला होता. आज तीच. बाकीही दोन-चार बुरश्या आहेत, पण ती आहेच. शेजारी अक्काची प्लेट ठेवली. झाडाची कुठली न् चाकूची कुठली, सांगता येऊ नये.
सिंकपाशी उभी राहून रडले. नळ मोठा सोडला होता, कुणाला कळलं नसावं.
नियमानं अजून एक पायरी उरते. निरोगी रोपाला ही बुरशी लावायची, ते आजारी पडलं की त्यातून तीच परत काढायची, मग खात्री. महिना तरी जाईल. म्हणजे महिनाभर आबांना सांगायला नको. आजच रोपं मागवली. मी मला चांगली ओळखते.

१ नोव्हेंबर
गावी. शेजारच्या मुल्लाणींची शबाना आली होती. तिचं लग्न सोळाला, इचलकरंजीत दिलीय. "आबा, माझं झाड बांधून ठेवा हां. भांड्यांच्या आधी ते गाडीत ठेवणार मी."
"ठिवलंय की." आबांनी पिशवीतलं कलम दाखवलं. जुलैत बांधलेलं, त्याच चाकूनं. तांबूस कोवळी पालवी फुटलीय. दिसायला काही नाही. आतलं दिसत नसतंच.
मी तिथंच उभी होते.
चाकूचं विचारलं आबांनी. धारवाला गावाला गेलाय म्हटलं.

८ नोव्हें.
सांगितलं.
दोन्ही प्लेटी नेल्या होत्या, चिकटपट्टीनं बंद करून. आबा ओट्यावर. त्यांनी अक्काच्या प्लेटवरचं नाव वाचलं, त्यावर बोट फिरवलं. मी जखम, चीक, चाकू सगळं सांगितलं, शेतकऱ्यांना सांगते तसंच, त्याच शब्दांत. दुसरे शब्दच सुचेनात.
आबांनी प्लेट खाली ठेवली, मग म्हणाले, "म्हंजे झाड अक्कासाठी वाळलं न्हाय?"
"न्हाई, आबा."
"मी वाळवलं."
"तुम्ही न्हाई. बुरशी असते ती, हवेतनं सुद्धा..."
"बुरशी काय तिकीट काढून एसटीत बसली व्हय? मीच न्हेली की खिशातनं."
जेवले नाहीत. मीही. कशाला सांगितलं असं दहादा मनात आलं. तेवढं एक समाधान होतं त्यांना, ते मी हिसकावून घेतलं. पण शबानाचं कलम समोर दिसत होतं.

९ नोव्हें.
सकाळी उठले तर कलम चुलीत. आबा पिशवीसकट घालत होते, प्लॅस्टिकचा वास सुटला तेव्हा मी पिशवी ओढून काढली.
मग स्वतः मुल्लाणींच्या दारात गेले. मी मागोमाग. शबानाला म्हणाले, "पोरी, तुला झाड न्हाय द्यायचं. माझ्या हातात रोग हाय."
ती घाबरलीच आधी. मी समजावून सांगितलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे की झाड. तुम्ही येत जावा फेरीला. चहाला काय झाड लागतंय व्हय?"
आबा पाठ फिरवून चालू लागले. परसात थोरल्याखाली जाऊन बसले ते उन्हं चढेपर्यंत.

१६ नोव्हें.
शबानाचं लग्न. आबा गेले, जेवलेही. पाठवणीच्या वेळी मात्र दिसले नाहीत. रिकाम्या हातानं उभं राहवलं नसेल.

२० नोव्हें.
आबा लॅबमध्ये! एकटे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दारात चपला काढून आत, मॅडमना वाकून नमस्कार. मॅडम गडबडून उभ्याच राहिल्या.
पिशवीत ओल्या कागदाची सात पुडकी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघाले होते, मला न सांगता. सहाही घरं केली. प्रत्येकीला तोंडानं सांगून आले, "माझ्या चाकूनं झालं." सुनंदा रडली म्हणे. नवं पातं, दर फांदीला स्पिरिटचा बोळा. स्पिरिट कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाले, "तूच की. परवा बडबडत हुतीस न्हवं?"
सहाही घरचे तुकडे कडेचे, एकही चुकलेला नाही. चिठ्ठ्यांवर त्यांचं मोठं मोठं अक्षर. गावांची नावं नाहीत, पोरींची आहेत. अक्का. सुनंदा. आणि बाकीच्या चौघी.
सातव्यावर 'थोरला'.
"काळं कुठं दिसत न्हाय त्याच्यावर," आबा म्हणाले. "पर सगळ्या पोरींच्या कलमाची काडी त्याच्यातनंच गेली. तू बघ."
"आणि निघालं तर?"
"तर सांग."
चहाला थांबले नाहीत. मॅडमना सगळं सांगून टाकलं, छाटणी कुणी केली तेसुद्धा. त्या प्लेटींत माध्यम ओतायला स्वतः बसल्या.

२३ नोव्हें.
रविवार, तरी लॅबमध्ये. अक्काच्या पुडक्यातल्या हिरव्या बाजूच्या तुकड्यांतून काहीच आलं नाही. म्हणजे खालचं खोड अजून स्वच्छ असेल. तिथवर कापलं तर फुटेल कदाचित. कापायचं कुणी, ते पुढं बघू.
थोरल्याचे पाच तुकडे. चार कोरे. पाचव्याच्या कडेला पांढरा कापूस, नखाएवढा.
पांढऱ्या बुरश्या पुष्कळ असतात, निरुपद्रवी. फांदीमरही सुरुवातीला पांढरीच असते.
आबांचा फोन. "उगवलं काय?"
"अक्काचं वाचेल असं वाटतंय, आबा."
"बरं." मग थोडं थांबून, "आन् थोरला?"
"अजून कळत न्हाई." हे खरं आहे. यावेळी खरं आहे.
"कळलं की सांग. लपवू नगंस."
उद्या सकाळी आठला येऊन बघायचं. पांढरंच राहू दे.