चुलीमागची भिंत

माय, आज पुन्हा पोस्टातून तशीच परत आले. पासबुक पिशवीत, पैसे पोस्टात आणि मी उन्हात घामाघूम. खिडकीपलीकडचा बाबू आता मला ओळखतो. "बाई, आज काढून राहिल्या का नुसतेच पाहाले आल्या?" असं त्यानं हसत विचारलं. "नुसतेच पाहाले," मी म्हणाले, आणि तो आणखी हसला. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि उजव्यात धरतो आहे. डॉक्टर म्हणतात, यंदा काढला नाही तर पुढं माझ्या दारात येऊ नका. त्याला लागतील त्याच्या चौपट पैसे पोस्टात आहेत. शाळेतल्या नोकरीत मी पोटाला चिमटा घेऊनच ते जमवले. तरी तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन परत आले. हे पत्रही कागदाला नाक टेकवून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला धड दिसत नाही, म्हणजे मायलेकींची जोडी बरी जमली.

तुझ्या सैपाकघरातली चुलीमागची भिंत आठवते का तुला? बाबांनी घर बांधताना मातीच्या त्या भिंतीत एक गाडगं चिणलं होतं आणि पैसा आत सरकवण्यापुरती फट ठेवली होती. आत गेलेलं बाहेर काढायचं तर भिंतच फोडायला हवी. शेजारणी बाजारातून मातीची गुल्लक आणत आणि सणासुदीला फोडून टाकत. तू त्यांना हसायचीस. "गुल्लक तं लेकरूही फोडते. भित फोडाले जिगर लागते," म्हणायचीस. तू स्टेशनाजवळच्या वखारीत संत्री निवडायला जायचीस. दिवसभर तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसून चांगलं फळ पेटीत, डागी फळ बाजूला. बाजाराच्या दिवशी हप्ता मिळाला की तू घरी येतेस, हात धुतेस आणि पोटात काही घालण्याआधी चुलीमागं जातेस. हाताचा संत्र्याच्या सालीचा वास काही जात नाही. फटीतून नाणं सोडतेस आणि कान देऊन ऐकतेस. सुरुवातीला ते खोल जाऊन खणकन पडे. गाडगं भरत गेलं तसा तो आवाज आखूड होत गेला आणि तुझा चेहरा तेवढ्यापुरता उजळायला लागला.

मी आठ वर्षांची असताना माझी पाटी फुटली. नवी घ्यायची म्हणून मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "ते वेळेसाठी हायेत," म्हणालीस. मी रडत विचारलं, "कोन्त्या वेळेसाठी?" "आली का समजते." वर्षभर मी अर्ध्या पाटीवर लिहिलं, आणि खरं सांगते, अक्षर बारीक काढायची सवय तेव्हाच लागली. बाबा गेले तेव्हा मला वाटलं, वेळ म्हणतात ती हीच. पण तू पायातले तोडे विकलेस आणि त्यांचं सगळं केलंस. गारपिटीनं छपराची कवेलू फुटली, आपण चार महिने परातीत पाणी झेललं, भिंत तशीच राहिली. एका दिवाळीला वखारीच्या मुकादमानं तुला एक चांगलं संत्रं दिलं. एरवी आपल्या वाट्याला डागीच यायची. ते तू मला दिलंस आणि लगेच म्हणालीस, "आज डागी खाऊन घे, हे उद्यासाठी ठेव." मी ते कोनाड्यात ठेवलं. रोज डागी होतीच, म्हणून ते रोज उद्यावर गेलं. शेवटी त्याला पांढरी बुरशी आली. तूच ते उकिरड्यावर टाकलंस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. जणू मीच ते नासवलं होतं! तुझा राग मला तेव्हाही आला होता, आजही येतो.

मग प्लेग आला. मी चौदा वर्षांची होते. शेजारच्या घरात उंदीर मरून पडले आणि सगळी वस्ती कुलपं लावून गावाबाहेरच्या शेतात झोपड्या घालून राहायला निघाली. गाठोडी बांधताना मी भिंतीकडे पाहिलं. तू म्हणालीस, "परत याचंच हाय ना इथं. मंग भित काहून फोडाची?" आयुष्यभर अडीनडीसाठी जमवलं, आणि अडीनडी आली ती घरच सोडायला लावणारी. एवढी हुशार तू, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? माझ्याही आलं नाही म्हणा. आठव्या दिवशी तुझ्या काखेत गाठ आली. तणसावर चादर टाकून तू पडली होतीस आणि तुझा हात हातात धरवत नव्हता इतका तापला होता. दवाखान्यात न्यायला एकच गाडीवाला तयार होता, पण रोग्याला बसवायचे त्याला पाच रुपये हवे होते आणि तेही आधी हातावर. आपल्या गाठीला सहा आणे होते.  मग म्हणालीस, "जाय वं बाई, भित फोड. आली ते वेळ."

मी गेले. दुपारी परत आले ती रिकाम्या हातानं. दाराशी प्लेगच्या पहाऱ्याचा शिपाई उभा होता, त्यानं आत जाऊ दिलं नाही, असं मी तुला सांगितलं. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू हसलीस, माय. ओठ फुटले होते तरी हसलीस. "बरं झालं," म्हणालीस. "असू दे. तुह्या कामी येतीन." तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

साथ ओसरल्यावर मौद्याहून मामा आला आणि त्यानं भिंत फोडली. नाणी काढता काढता फटीखाली बोट लावून म्हणाला, "इथली माती येगळी दिसून राहिली. कोनं हात लावला होता का वं?" मी नाही म्हणून मान हलवली. पाच रुपये तर सोड, आत पंचवीस गाड्यांचे पैसे होते. थोडे तुझ्या राहून गेलेल्या तेरवीला गेले. बाकीच्यांवर मामानं मला शिकवलं, मास्तरीण केलं. तुझा शब्द खरा ठरला, माझ्याच कामी आले. तू ज्या गाडीत बसायची होतीस तिच्या भाड्यावर मी शिकले, पगार घेतला, त्यातला निम्मा दर महिन्याला पोस्टात टाकला. माझा माणूस आजारी पडला तेव्हाही मी आधी हातातल्या पाटल्या विकल्या. तो गेला. लेकरू झालं नाही. आता त्या पासबुकाला माझ्यामागं कुणी वाली नाही, आणि मला ते उघडवत नाही. लोक म्हणतात, बाई मोठी काटकसरी. शाळेत मी पोरींना शिकवायची, थेंबे थेंबे तळे साचे. त्या तळ्यातलं पाणी प्यायचं कसं, ते मला कुठं आलं होतं शिकवायला!

प्लेगला औषध नव्हतं, हे मला ठाऊक आहे. गाडी आली असती तरी तू गेली असतीस, असं सगळे म्हणतात. पण तू तणसावर गेलीस, खाटेवर नाही. आणि मी वेळेवर पैसे घेऊन आले, एवढं तरी तुला दिसलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं? पासबुकातच ठेवीन, म्हणजे कुणाच्या हाती लागायचं नाही. पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे, तीच लिहायला बसले होते. त्या दिवशी घर उघडंच होतं, प्लेगच्या सरकारी माणसांनी आपलं कुलूप तोडलं होतं. हवा आणि ऊन आत यावं म्हणून त्यांनीच वरची कवेलू काढून ठेवली होती आणि तुझ्या चुलीवर लख्ख ऊन पडलं होतं. मी वरवंटा उचलला आणि फटीखाली एकदा मारला. ढेकूळ पडलं, आत नाणी हलल्याचा आवाज आला, आणि माझा हात थांबला. भिंत फुटली की ती वेळ खरंच आली असं होणार होतं. नाही फुटली, तर अजून यायची होती. मग माठाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात मी माती कालवली, भोक लिंपलं आणि तू करायचीस तसं अंगठ्यानं गुळगुळीत केलं. तू बरी होऊन घरी आलीस की रागावू नयेस म्हणून.

दाराशी शिपाई नव्हता, माय. कुणीच नव्हतं.