फिरती घोडी

अण्णा, मी गाडी उलटी केली. पूर्ण उलटी, तळ आभाळाकडे आणि टप जमिनीकडे, आणि ती तशीच हवेत राहिली. तुम्हाला हे तोंडावर सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत म्हणून लिहितोय. रागात लिहितोय, हेही आधीच सांगतो. वाचणारं कुणी नाही, तेव्हा गोड बोलायची गरज नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. मला शब्दन्‌शब्द आठवतो. कलासीपाळ्याच्या आपल्या शेडमध्ये तुम्ही कुणाच्या तरी मोटारीखाली गोणपाटावर उताणे झोपला होता. तिचा तळ गंजून गेलेला, आणि तुम्ही गॅसची नळी हातात धरून खालून वर पत्रा जोडत होता. वितळलेल्या लोखंडाचे थेंब तुमच्या मानेवर पडायचे. तुमच्या मानेवर तशा डागांची रांगोळीच होती. आई रात्री तिला खोबरेल लावायची. मी डबा घेऊन आलो होतो. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही खाली झोपण्यापेक्षा गाडीच उलटी का करत नाही?" तुम्ही सरकत बाहेर आलात, काळा चष्मा कपाळावर चढवलात आणि सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम कन्नडमध्ये म्हणालात, "ऐका रे आमच्या इंजिनियरसाहेबांचं. गाडी म्हणे दोसा आहे. एक बाजू भाजली की उलटायची." सगळी शेड हसली. पुढे कितीतरी वर्षं तिथली माणसं मला त्याच नावानं हाक मारायची. "काय दोसे, शाळा सुटली का?" असं. पण अण्णा, त्या हसण्याचा मला राग नाही. हसून झाल्यावर तुम्ही डबा बाजूला ठेवलात, चष्मा खाली ओढलात आणि परत जाऊन त्याच गाडीखाली झोपलात, त्याचा राग आहे.

कारण पुढच्याच वर्षी तुम्ही तिथून उठला नाहीत. गाडीची मागची बाजू साखळीवर उचललेली होती, दोघंजण दोन्हीकडून धरून होते, ठोकळे सरकवायचे राहिले होते. तुम्ही खालून ओरडलात, "हिडी." म्हणजे धरा. पत्र्याच्या त्या गोंगाटात साखळीवरच्या माणसाला ऐकू आलं, "बिडी." म्हणजे सोडा. एका अक्षराचा फरक, आणि तेच अक्षर गोंगाटानं खाल्लं. त्या बिचाऱ्याला मी कधी दोष दिला नाही. त्यानं ऐकलं तसं केलं. दवाखान्यात तुम्हाला शुद्ध होती तेवढे दिवस मी खाटेच्या पायाशी उभा होतो. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. काकांचा हात धरून त्यांच्याकडून वचन घेतलंत, की पोराला कॉलेजात घाल, शेडमध्ये पाऊल टाकू देऊ नकोस. मी तिथेच होतो, अण्णा. मला विचारायला काय हरकत होती?

काकांनी तुमचा तेरावा झाल्यावर शेड उघडली आणि एकच नियम केला. कन्नड बोला, तमिळ बोला, उर्दू बोला, पण काही उचलायचं असेल तेव्हा "धर" आणि "सोड" हे दोनच शब्द, आणि ते मराठीतच. आजही तसंच चालतं. नव्या माणसांना वाटतं, आमच्या कुळाचा काही देवधर्म आहे. आमच्याकडचा सेलमचा वेल्डर मराठीतला तिसरा शब्द जाणत नाही, पण "धर" असं म्हणतो की वाटावं सदाशिव पेठेत जन्मला. नियम चांगला आहे. पण तो तुम्ही असताना कुणाला का सुचला नाही, हे मी काकांना एकदा विचारलं, तर त्यांनी मला चहा आणायला पिटाळलं.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं. तिच्यामुळे सोडलं असं सगळे म्हणतात. ती माझ्याच वर्गात होती, बसवनगुडीतल्या डॉक्टरांची मुलगी, आपल्यासारखंच जुनं मराठी घर, घरात निम्मं कन्नड. आमचं जमलं ते लपून राहिलं नाही. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी ती म्हणाली, "माझ्यासाठी सोडलं असं कुणाला सांगू नकोस. असली भेट मला नको." मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, शेडसाठी सोडलं. ती म्हणाली, "मग शेडशीच लग्न कर." आणि चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मात्र निरोप घेऊन आली. तिच्या वडिलांची ती जुनी विलायती मोटार तुम्हाला आठवत असेल, बसनं धडक दिल्यावर जिची चारही दारं तुम्ही नव्यानं बसवली होती. डॉक्टर अजून आल्यागेल्याला दाखवतात, "या दाराला एक बोट पुरतं." आता तिचा तळ आणि दारांखालचे उंबरे गंजून चाळण झाले होते. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं, "दे त्याला गाडी. दारं आज लागतात तशीच एका बोटानं लागली, तर त्याला घरी बोलाव, मी त्याचं ऐकून घेईन. नाही लागली, तर तो फाटकाशीही दिसता कामा नये." म्हणजे माझं सगळं त्या चार दारांवर टांगलेलं, आणि ती दारं तुमची.

तळ कापला की मोटारीची बॉडी म्हणजे बूड नसलेला खोका. जराशी पिळवटली तरी दारं कायमची गेली. काका म्हणाले, "स्वल्प स्वल्प कर. खाली झोप, हातभर काप, हातभर जोड. तुझ्या बापानं जन्मभर खालूनच केलं." मी म्हटलं, "म्हणूनच गेले." काका उठून गेले. त्यानंतर ते माझ्याशी वेल्डरमार्फत बोलायला लागले, मराठीतून, आणि तो बिचारा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायचा.

मी इथल्याच शिवाजीनगरच्या गुजरीत, भंगारातून, लॉरीच्या मागच्या चाकांचे दोन तुंबे, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते मधले गाभे, आणले, बेअरिंगसकट. जाड अँगलच्या दोन उंच घोड्या केल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक तुंबा बसवला. एक घोडी मोटारीच्या पुढे, एक मागे, बंपर जिथे बसतो त्या भोकांतून बोल्ट, आणि मध्ये बॉडी, सळईवर ओवल्यासारखी. पण उचलण्याआधी तिला आतून आधार द्यायला हवा. दारं लावून ठेवली. दाराच्या फटीतून पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत सारखं फिरतंय ना ते पाहिलं. मग आतून पाईप, बिजागरीच्या खांबापासून कडीच्या खांबापर्यंत, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात. नुसते वेल्डिंगचे टाके घालून ठेवले. आता सावकाश जोडायचं, एवढंच बाकी. आणि त्याच दुपारी कळलं की तिला बघायला बेळगावचं स्थळ येऊन गेलं. इंजिनियर. माझं डोकं फिरलं. मी एका दमात एका बाजूचे सगळे जोड भरून टाकले, थांबलो नाही, गार होऊ दिलं नाही. पाईपनं खांब ओढला. ड्रायव्हरच्या दारात पोस्टकार्ड वर अडकलं आणि खाली गळून पडलं. मी घोडीला लाथ घातली.

दुसऱ्या दिवशी ती आली. "लंगडतोयस का?"

"घोडीनं लाथ मारली."

"तिनं तुला की तू तिला?"

"स्थळ कसं होतं?"

"लाडू छान खाल्ले त्यानं. आईनं डबाही भरून दिला."

"आणि तू?"

"मी बाबांना म्हटलं, दारं लागेपर्यंत मी कुणाला पसंत करत नाही आणि नापसंतही करत नाही. आता परत कुणी लाडू खायला आलं तर मी आधी तुला कळवीन. डोकं फिरलं की हातातली नळी खाली ठेवत जा." वेल्डरनं तिला सगळं सांगितलं होतं, तमिळमध्ये आणि हातवारे करून.

मी सगळे पाईप कापून काढले. खांब मूळ जागी आणून परत बसवायला आठवडा गेला. या वेळी बोटभर जोडायचं, मग पलीकडच्या बाजूला जाऊन बोटभर, आणि मध्ये गार होऊ द्यायचं. तापलेला पाईप गार होताना ओढतो. पाच शब्द आहेत, अण्णा. जेवताना एक घास थांबून सांगितले असते तर तुमचं काय गेलं असतं? तुम्हाला हे माहीत होतं, तुमचा हात रोज तेच करत होता, आणि तुम्ही मला पाढे म्हणायला लावत होता.

बॉडी चढवली त्या सकाळी काका दारात कॉफीचा पेला घेऊन उभे होते, आपला काही संबंध नसल्यासारखे. तळ कापून झाला होता. साखळीनं उचललं, बोल्ट बसले, साखळी काढली. दोघंजण दोन बाजूंना. मी हळूच फिरवायला लागलो. पाव फेरा होतो न होतो तोच ती स्वतःच्या वजनानं पलटायला निघाली. मी आस खाली धरला होता, भार वर राहिला होता. मी ओरडलो, "धर." सगळ्यांनी धरलं. काकांनीही. पेला कुठे गेला, कधी गेला, ते गाडीच्या उंबऱ्याला कवळ घालून उभे होते, पांढरेफटक. ती सरळ केली, बॉडी आसापासून दोन बोटं खाली घेऊन बोल्ट बसवले, परत फिरवली. या वेळी एका हातानं फिरली. उलटी होऊन थांबली. आतून माती पडली, शेंगांची टरफलं पडली, कुणाचा तरी तुटका कंगवा पडला. आणि गाडीचं पोट माझ्या छातीसमोर, उजेडात. मी उभा होतो. तुम्ही जे जन्मभर पाठीवर झोपून, डोळे मिटत, मान भाजत केलंत, ते मी ताठ उभा राहून बघत होतो. इतकं सोपं होतं. दोन तुंबे आणि थोडं लोखंड. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. काका मागून आले आणि कित्येक दिवसांनी सरळ माझ्याशी बोलले, "कॉफी सांडली. दुसरी सांग."

आज दुपारी डॉक्टर आले. ती बरोबर होती, पण बाजूला, पुस्तकं छातीशी धरून. नवा तळ, नवे उंबरे, आधार काढलेले, गाडी चाकांवर उभी. डॉक्टरांनी तर्जनी पुढे केली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही दारं लागली. ड्रायव्हरचं त्यांनी परत उघडलं, परत लावलं, कान देऊन ऐकलं. मग मान डोलावली. "सरी, बरोबर आहे. अगदी वडिलांचा हात. खाली झोपून इतकं सरळ काम तेच करू जाणे. त्यांनीच शिकवलं असणार तुला." मागे घोडी उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय, जत्रेतला पाळणा?" काकांनी माझ्याकडे बघितलं. तिनंही. दोघांनाही माझं डोकं ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, "रविवारी जेवायला या. आईंनाही घेऊन ये, बोलू."

सगळं अगदी ओठांशी आलं होतं. की त्यांनी काही शिकवलं नाही. की ते हसले होते. की हे काम उभ्यानं झालंय, झोपून नाही. राग अजूनही आहे, अण्णा, कमी झालेला नाही, आणि रविवारी त्यांच्या घरी तुमचं कौतुक ऐकत जेवावं लागणार म्हणून तो वाढलाच आहे. हा कागद मी तिलाही दाखवणार नाही. पण मी डॉक्टरांना म्हटलं, "होय, त्यांनीच शिकवलं." आणि ते म्हणताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही.