वीस वजा पाच अधिक तीन

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
नातीच्या गणितावर लाल फुली. वीस वजा पाच अधिक तीन, उत्तर बारा. बारा मी शिकवलेलं. म्हणजे फुली कोणावर मारली, ते उघड आहे.

कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. बेरीज आधी, वजाबाकी नंतर. पाच नि तीन आठ, विसातून आठ गेले, बारा. वसतिगृहाची रेक्टर होते तेव्हा मी स्वतः नियमाबाहेर पाऊल टाकलं नाही आणि मुलींनाही टाकू दिलं नाही.

नात शाळेतून थेट आमच्याकडे येते, सूनबाई ऑफिसातून सुटेपर्यंत. तिचं गणित माझ्याकडे. चिरंजीव फुली बघून म्हणाले, पुन्हा असं झालं तर कोपऱ्यावरच्या क्लासला घालू, शाळेतून परस्पर तिकडेच जाईल. माझी संध्याकाळ हे लोक परस्पर देऊन टाकणार!

संकल्प: उद्या शाळेत जाणे. आवाज न चढवणे.

५ फेब्रुवारी
आवाज चढला. दोष समोरच्या बाजूचा.

वर्गशिक्षिका कालपरवाची पोर. म्हणाली, बेरीज-वजाबाकी समान दर्जाच्या असतात आजी, डावीकडे जी आधी येईल ती आधी करायची. मी म्हटलं, समान असतील तर नियमात बेरीज पुढे का? तर म्हणे, कोणीतरी पुढे असायलाच हवं ना, आजी? दर वाक्याला आजी. पूर्वी मॅडम म्हणायचे, तेव्हा गणितंही बरोबर यायची.

शिपाई फाटकापर्यंत सोडायला आला. आदरानेच आला असावा.

७ फेब्रुवारी, दुपार
यांना सगळं सांगितलं. वाटलं, इतक्या वर्षांचा संसार, माणूस आपल्या बाजूने उभा राहील. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, समज बसमध्ये वीस माणसं आहेत, पाच उतरली, तीन चढली, तर किती झाली? मी विचारलं, तीन चढली ती आत शिरली की दारात लोंबकळत होती? हे म्हणाले, आत शिरली. मग आधीच का नाही चढली?  हे पेपर घेऊन गॅलरीत गेले.

मुद्दा माझाच राहिला. पण जाता जाता 'अठरा' असं पुटपुटले, ते मी ऐकलं.

८ फेब्रुवारी
कॅल्क्युलेटरही अठरा म्हणतो. स्वस्तातला आहे. चिरंजीवांच्या महागड्या फोनवरही अठराच आलं. यंत्रांना घाई फार.

आता एकच साक्षीदार. धाकटी बहीण. मी पुढच्या वर्गात होते, पण आमच्या शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत बसायचे. बाई एकच, फळा एकच. तिला फोन लावला. म्हणाली, अगं ताई, बाईंनी डावीकडून उजवीकडेच सांगितलं होतं. तेव्हा तू गोवर येऊन घरी पडली होतीस.

मला गोवर आलाच नव्हता. आला असेल तर सुट्टीत आला असेल.

एकाच ताटात जेवलेली बहीण! संकल्प: तिने माफी मागेपर्यंत फोन न करणे.

९ फेब्रुवारी
बहिणीला फोन केला. दुसऱ्या कामासाठी.

११ फेब्रुवारी
असहकार. यांना सांगितलं, उत्तर बारा येईपर्यंत चहा मिळणार नाही. यांनी स्वतः केला. बरा झाला होता म्हणतात. मला विचारलंसुद्धा, घेतेस का घोटभर. घेतला. शत्रूची तयारी कळावी म्हणून.

दुपारी शिट्टी वाजवत पुन्हा आधण ठेवलं. असहकार मागे घेतला. माणसाला वाईट सवयी लागायला वेळ लागत नाही.

१३ फेब्रुवारी, रात्री जेवण होताच
विजय!

सगळे जेवायला आले होते. सूनबाई आपणहून म्हणाल्या, आई, आम्ही नीट विचार केला, तुमचंच बरोबर आहे. चिरंजीवांनी मान डोलावली. हेसुद्धा म्हणाले, बारा. बहिणीचा फोन आला, ताई, मला आठवलं गं, बाराच. मी नातीला खडा सवाल टाकला. तीस वजा दहा अधिक पाच? पोरीची पापणीसुद्धा लवली नाही. पंधरा!

क्लासचा विषय बंद. सत्याला वेळ लागतो, पण मी वाट बघू शकते. सगळ्यांना माफ केलं. बहिणीला वेगळं माफ करायचं होतं, पण राहू दे.

संकल्प: वर्गशिक्षिकेला एकदा समजावून सांगणे. तिचं वय लहान आहे, सुधारेल.

२० फेब्रुवारी, दुपार
चाचणीत नातीला पैकीच्या पैकी. माझीच मेहनत. पेपर हौसेने वाचायला घेतला.

पन्नास वजा वीस अधिक दहा. नातीचं उत्तर चाळीस. त्यावर बरोबरची खूण.

तिला विचारलं, हे काय गं? ती बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, शाळेत चाळीस, आजी, तुझ्याकडे वीस. असं कोणी सांगितलं? सगळ्यांनी. बाबांनी, आईने, आजोबांनी. मावशीआजी फोनवर होती. आजीसमोर आजीचं म्हणायचं, असं ठरलं.

मी तिथेच खुर्चीवर बसले. पोर समजूत घालायला लागली. अवघड नाहीये गं, तुझं हवं असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना मनात कंस घालायचा, लगेच येतं.

घरचेच भेदी. एकजात सगळे. माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्या हातचं वाढून घेत.

विचारलं, मग मला खरं का नाही सांगितलंस? म्हणाली, तू पुन्हा शाळेत भांडायला गेली असतीस, मग बाबांनी मला क्लासला घातलं असतं. मला इथेच यायचंय.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
कोणालाही काही बोलले नाही. मला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, असा संकल्प आहे. वर्गशिक्षिकेकडे गेले नाही, पाय दुखत होते.

नात वेळेवर आली. पाटी-पेन्सिल घेऊन समोर बसली. मी नेहमीच्या आवाजात गणित घातलं, चाळीस वजा बारा अधिक आठ. तिने लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबली. दाराकडे बघून घेतलं, आजोबा नाहीत ना म्हणून. हळूच विचारलं, आजी, तुझं काढू की खरं?

म्हटलं, आज पाढे म्हणू.