पितळी पातेलं आणि तंबूतली शेगडी

आई, तुझं पितळी पातेलं बाल्कनीत शेगडीवर ठेवलंय, आत अर्धा लिटर दूध आहे, आणि या डच गावाचा, आल्मेरेचा वारा खालचा जाळ काही केल्या धड लागू देत नाहीये. आडोसा म्हणून मी माझी मोठी सूटकेस उभी केली आहे. भरलेली आहे, त्यामुळे हलत नाही. शेजारी बुटक्या स्टुलावर मी, मांडीवर लॅपटॉप. तू पाहिलं असतंस तर कपाळावर हात मारून घेतला असतास.

तुझ्या बँकेने तुला कुठे कुठे पाठवलं! चाळीसगाव, बार्शी, सावंतवाडी. बाबा त्यांच्या नोकरीसाठी पुण्यात आणि आपण दोघी तुझ्या बदलीच्या गावी. टेम्पोतून सामान उतरायच्या आधी हे पातेलं तुझ्या मांडीवरून उतरायचं. एरवी दुधाकडे बघ म्हणून मला ओट्याशी उभं करणारी तू, नव्या घरात त्या एका दिवशी दूध मुद्दाम उतू जाऊ द्यायचीस. मला कोण आनंद व्हायचा! जळक्या दुधाचा वास सगळ्या खोल्यांत भरायचा, तू ओटा पुसायचीस आणि घर आपलं झालं म्हणायचीस. बार्शीला तर जेमतेम चार महिने राहायचं होतं. मी माझं पोतं सोडणारच नाही म्हणून हटून बसले, परत बांधायचंच आहे ना. तू ओरडली नाहीस. सुतळी कापलीस, माझे फ्रॉक खुंटीला लावलेस आणि म्हणालीस, “चार महिने तर चार महिने. राहायचं तर नीट राहायचं, पाहुण्यासारखं नाही.” मला ते फार लागलं होतं. संध्याकाळी मी रुसून जेवलेसुद्धा नाही.

आता माझी बदली मीच करते. तू होतीस तेव्हा मी इथेच, स्लोटरडाइकच्या ऑफिसात जात होते. ते सुटलं, मग स्वतःची कामं घ्यायला लागले. कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासून द्यायची, त्याला नेट आणि टेबल सोडून काही लागत नाही. दोन-तीन महिने लिस्बन, मग तिबिलिसी, उन्हाळ्यापुरतं परत इकडे. टपाल अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मैत्रिणीकडे. मीटिंगमध्ये माझ्यामागे सगळ्या देशांत एकच पुस्तकांचं कपाट दिसतं, ते नुसतं चित्र आहे. लोक ‘कशी आहेस’च्या आधी ‘सध्या कुठे’ विचारतात. मजा येते, खोटं कशाला बोलू. तुला काउंटरच्या जाळीतून रांगच दिसायची, मी समुद्राकडे बघत काम केलंय. पातेलं मात्र दर वेळी बरोबर, मोज्यांनी भरून सूटकेसच्या तळाशी. आणि दूध कुठेच उतू गेलं नाही. कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, भाड्याच्या घरांत सगळीकडे इंडक्शन, त्यावर पितळ तापतच नाही.

परवा घरमालक आले. सत्तरीचे डच गृहस्थ आहेत. हे घर आता त्यांना कुणालातरी कायमचं भाड्याने द्यायचंय. मला हवं असेल तर मला, नाहीतर महिनाअखेर मोकळं करून हवंय. खाली कालवा, स्टेशन चालत, सायकलला वेगळी खोली, नाव ठेवायला जागा नाही. तरी मी आपली क्लायंट, हिवाळा, बघू, असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “तू इथे राहतेस, की थांबली आहेस?” इथली माणसं असं तोंडावर विचारतात. उद्या त्यांना उत्तर द्यायचंय.

खालच्या मजल्यावर एक मराठी बाई आहे, नवऱ्याच्या व्हिसावर आली, आता घरून डबे देते. तिच्याशी बोलताना पातेल्याचं आणि इंडक्शनचंही बोलून गेले. त्यात काय एवढं, म्हणाली, तंबूत न्यायची गॅसची शेगडी आहे आमच्याकडे. आणि स्वतःच घेऊन वर आली. झालं, माझं कारणच संपलं.

मला भीती कसली वाटते, सांगू? तू गेल्यावर पुण्याचं घर मी आवरलं. तुझ्या साड्या, तुझा चष्मा, डब्यात उरलेलं मेतकूट. ज्या घराला आपलं म्हणावं, ते एक दिवस असं रिकामंही करावं लागतं, हे तू कधी बोलली नव्हतीस. पुन्हा ते नको, म्हणून मी कुठे खुंटीला काही लावलंच नाही. तुझी फार आठवण येते गं, आणि घरात येते, हॉटेलात येत नाही.

सूटकेसमुळे जाळ लागलाय एकदाचा. दूध कडेपर्यंत वर आलंय, हात सवयीने बटणाकडे गेला होता, तो मागे घेतलाय. हे काही मी कुठे पाठवणार नाहीये, म्हणून एवढं एक लिहून टाकते. इंडक्शनचं ते सांगायला होतं. लिस्बनला गॅस होता, आई. तिबिलिसीलाही होता.