धाकटीचा नंबर

आये, आज धाकटीचा फोन आला होता. ती आणि तिचा नवरा यंदाही चौलच्या अलीकडे पांढरा कांदा लावायला गेलेत, तू आम्हा दोघींना न्यायचीस त्याच बाजूला. थंडी बरी पडलीय म्हणाली, लावणी अर्धी झालीय म्हणाली, आणि मग "तिला दे" म्हणाली. ती म्हणजे तिची लहान मुलगी. दिवाळीपासून ती माझ्याकडे राहते. ती माझ्याकडे का आहे ते तुला सांगायचंय. आणि तुला एक विचारायचंही आहे, जे तू असताना विचारायचं मला सुचलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. आता माझे केस पिकलेत, तुझ्याहून मी वयानं मोठी झालेय, तरी तुझ्यापुढे बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

बाबा गेल्यावर आपण तिघीच उरलो. म्हसळ्याच्या आतल्या आपल्या गावात आपली जमीन नव्हती, पावसाळ्यात दुसऱ्यांची भातं लावायची, मग कापायची, आणि कापणी झोडणी उरकली की बोचकी बांधून एसटीनं चौलच्या बाजूला निघायचं. तिकडे शेताच्या कडेला पेंढ्यानं शाकारलेली खोप, तीन दगडांची चूल, तुझी ती एका बाजूला चेपलेली टोपली. अर्धं वर्ष गावच्या शाळेत, अर्धं वर्ष तिथल्या शाळेत, अशी आम्ही दोघी शिकलो. शाळा सुटली की कांदा. वाफ्यात खुरपायचं, काढणीला उपटायचं, आणि सुकला की पातीला पात गुंफून माळ वळायची. धाकटीची माळ माझ्याहून घट्ट व्हायची. तू तिचं कौतुक करायचीस आणि मला म्हणायचीस, "तू राहू दे, तू अभ्यास कर."

दहावीचा निकाल लागला तेव्हा आपण गावीच होतो. गुरुजी घरी आले. अंगणात उभे राहूनच त्यांनी सांगितलं की शेतमजुरांच्या मुलींना सरकार शिष्यवृत्ती देतं, कॉलेजची फी भरायला लागत नाही, अलिबागला सरकारी वसतिगृह आहे, राहणं-जेवण तिथंच. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, "जेवान दोन येळचं?" गुरुजी म्हणाले, "दोन वेळचं, आणि सकाळी नाश्ता." तू मान हलवलीस. माझं जाणं तिथंच ठरलं. मला वाटलं होतं तू रडशील, निदान विचार करायला वेळ मागशील. तू आत गेलीस आणि गुरुजींसाठी चहा टाकलास.

त्या वर्षी थंडीत, वसतिगृहाला सुट्टी नव्हती तरी गृहपालबाईंची परवानगी काढून मी शेतावर आले. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तुला. बांधावरून येताना पाहते तर वाफ्यात तू आणि तुझ्या पलीकडे धाकटी. डोक्याला तुझ्या जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. त्या दिवशी शाळा होती. मी विचारलं, "हिची शाळा?" तू वर न बघता म्हणालीस, "मालकीन म्हनली, खोप पायजे तं दोन मानसं पायजेत. येकटीला न्हाय परवडत तिला." मी तिथंच पिशवी ठेवून वाफ्यात उतरायला लागले, तशी तू ओरडलीस. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं तू माझ्यावर ओरडली नव्हतीस. "चिखलात पाय घालशील तं बघ. तू तुज्या पुस्तकात बघ, हिकडं बघू नको." मग खालच्या आवाजात, "आठवीपास्नं वसतिगृहात घेतात ना? येका वर्साचा तं सवाल हाय. फुडल्या साली हिचा नंबर."

धाकटी हसत होती. मी आले म्हणून खूश होती ती.

एकदा तू तिला घेऊन वसतिगृहावरही आली होतीस. कांद्याची एक मोठी माळ आणली होतीस, सगळ्या मुलींनी तो कांदा नुसता मिठाला लावून खाल्ला आणि माझी उगाच शान वाढली. धाकटी माझ्या कॉटवर बसून वर बघत राहिली. "ताय, ह्यो पंखा तुज्या येकटीचा?" मी सांगितलं, सगळ्या खोलीचा. तिनं बटण कुठंय विचारलं, उठून तो लावला, बंद केला, पुन्हा लावला. तू म्हणालीस, "फुडल्या साली तूच लाव रोज."

पुढच्या साली भाताच्या लावणीच्या दिवसांत तुला ताप भरला. अंगदुखीचा ताप म्हणून तू दोन दिवस चिखलात काम करत राहिलीस, तालुक्याला नेईपर्यंत डोळे पिवळे झाले होते. तू गेलीस. मामा आला. सगळं उरकल्यावर तो म्हणाला, "येकीला सरकार सांभाळतंय, दुसरीला मी सांभाळतो." त्यानं सांभाळलंही, त्याच्या ऐपतीप्रमाणे. धाकटी त्याच्या घरची भातं लावू लागली, आणि मी पदवीला होते तोवर तिचं लग्न झालं. तिचा नंबर कुणाच्या लक्षातच राहिला नाही. मी पुढेही शिष्यवृत्तीवर शिकत गेले, आणि आता कॉलेजात मराठी शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत शिष्यवृत्तीच्या टेबलावरचं काम मी मागून घेते. वीटभट्टीवर, नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये, कांद्यावर कामाला जाणाऱ्या घरांतली मुलं येतात. कुणाचा उत्पन्नाचा दाखला गावाला राहिलेला, कुणाचं बँकेचं खातं बंद पडलेलं. पैसे वेळेवर येत नाहीत, मुलं ताटकळतात, काही दिवाळीनंतर दिसतच नाहीत. तरी दरवर्षी कुणीतरी टिकतं. टिकलेल्या मुलीचं मी अभिनंदन करते आणि दर वेळी मनात येतं, हिच्या घरी आता वाफ्यात कोण उतरलं असेल?

या जूनमध्ये त्या टेबलासमोर धाकटी येऊन उभी राहिली. बरोबर तिची मोठी मुलगी, बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. मी सगळं भरून दिलं, वसतिगृहाचंही झालं. संध्याकाळी दोघींना घरी आणलं. जेवायला बसल्यावर मी सहज विचारलं, "लहानी काय करते? आठवीत गेली ना?"

"ह्या वर्षी येईल माज्यासंगं कांद्यावर," धाकटी म्हणाली. "ही हिकडं आली. हात कमी पडतात."

मी म्हणाले, "तुझं झालं तेच तिचं नको करू. आईनं केलं ते."

धाकटीनं शांतपणे घास संपवला. "आयनं मला इचारलं व्हतं, ताय. तुला ठाव न्हाय. तू अलिबागला गेल्यावर रातची जवळ घेऊन इचारलंन, तू येशील का माज्यासंगं, ताय शिकंल. मी व्हय म्हनले." तिनं पुढचा घास मोडला. "पन बारा वर्साच्या पोरीला असं इचारतात व्हय? ती न्हाय कसं म्हनेल आयला?"

आये, मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की तू ठरवलंस आणि ती बिचारी ओढली गेली. तू तिला विचारलं होतंस, हे जास्त बरं की जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हणाले, लहानीला माझ्याकडे ठेव. धाकटी पटकन म्हणाली, "दोनी पोरी तुज्याकडं? मग माज्या घरात काय ऱ्हायलं?" तेव्हा तिची मोठी, जी तोवर खाली मान घालून जेवत होती, म्हणाली, "आये, तिला शाळेतून काढलीस तं मी कॉलेजात येनार न्हाय. नाव काढून टाक माजं." आवाज चढवला नाही तिनं, ताटाकडे बघतच बोलली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही. मग म्हणाली, "असं बोलायचं असतं, हे तवा कुनाला ठाव व्हतं."

दिवाळी झाल्यावर ती लहानीला माझ्याकडे सोडून गेली. शेतमालकानं त्या दोघा नवरा-बायकोलाच खोप दिली, पण हात कमी म्हणून कसायला जमीनही कमी दिली. मोठी वसतिगृहात आहे, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अजून आलेला नाही. लहानी शाळेत जाते, पण तिला इथं करमत नाही. कांद्याच्या शेतावर तिच्या मैत्रिणी आहेत, तिथं आई आहे. आज फोनवर ती रडली, "मला तिकडं ने." मी तिला कुशीत घेतलं तर तिनं अंग आखडून घेतलं. उद्या मी जबरदस्ती करतेय असं तिला वाटेल, आणि ते खोटंही नाही. तिला मी काय विचारू? तिनं व्हय म्हटलं तरी त्या व्हयचा काय भरवसा?

तुला विचारायचं होतं की तू मलाच का पाठवलंस. मी थोरली होते म्हणून, की दहावी झाले होते म्हणून, की धाकटीची माळ घट्ट व्हायची म्हणून. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही लिहीत बसले. हे धाकटीला वाचून दाखवावं असं मघाशी वाटलं होतं, पण दाखवणार नाही. तिच्यासमोर जे कधीच म्हणणार नाही ते इथं म्हणते. तिला चिखलात बघितलं त्या दिवसापासून तुझ्यावर राग आहे. आणि तू मला निवडलंस याचा मला आनंद आहे, आये, अजूनही आहे.